डिकीखालचं ऑफिस

नवी मुंबईत एकट्या पुरुषाला कुणी खोली देत नाही. मी सातारच्या बाजूचा, नोकरी तुर्भ्याला, लग्न व्हायचं होतं. या तीन गोष्टींपैकी नेमकी कुठली घरमालकांना खुपते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सीवूड्सला एका बाईंनी मित्र येतात का म्हणून विचारलं. येत नाहीत म्हटल्यावर, ज्याला मित्रच नाहीत तो माणूस कसा असेल, असं म्हणून त्यांनी दार लावलं. सानपाड्याला एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझा फोटो ग्रुपवर टाकून मतदान घेतलं. मला दोन मतं पडली. त्यातलं एक वॉचमनचं होतं.

असा हिंडत हिंडत मी नेरूळच्या पोटातल्या सारसोळे गावात पोचलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं आणि गल्ली संपते तिथे खाडी. शेवटच्या घराच्या पायरीवर एक बुटके गृहस्थ बसले होते. सत्तरीच्या आसपासचे. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी. खोली आहे का, असं विचारल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालपासून पुन्हा वर.

"हात वर कर."

मी केला.

"दोनी. अजून वर. टाचा नको उचलू."

मी सहा फुटांपेक्षा थोडा जास्तच भरतो. ते उठले, माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझा दंड दोन बोटांनी दाबून पाहिला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, मिलाला!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोली तुना दिली. पन डिकी धराया लागंल."

माझं नाव त्यांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. तीन वर्षं ते मला लांब्या म्हणत आले आणि मी त्यांना मालक म्हणत आलो.

डिकी होती त्यांच्या गाडीची. गाडी जुनी, फोर-व्हील ड्राइव्ह, रंग मूळचा हिरवा असावा. मालकांच्या वडिलांची खाडीत होडी होती. मालकांच्या वाट्याला होडीबरोबर ही गाडीही आली होती; वडिलांनी ती घेतली होती, कारण ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्या दोर बांधून ओढायला गावात दुसरं काही नव्हतं. त्या कामात ती गाडी खरोखर वाघ होती. पण मालक फोर-व्हीलचा दांडा एरवीही टाकायचे. बाजारात जाताना, पेट्रोल भरायला जाताना, सरळ गुळगुळीत पाम बीच रोडवरसुद्धा. वळणावर गाडी कण्हायची, स्टीअरिंग हातात अडकायचं, मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार व्हायचे.

"मालक, डांबरी रस्त्यावर दोन चाकं पुरतात," मी एकदा म्हणालो.

"गारीला चाकं किती?"

"चार."

"मंग? दोघांनी राबायचं न् दोघांनी बसून खायाचं, ते आमचे घरात चालत नाय."

हे त्यांचं गाडीपुरतं मत नव्हतं. सगळी इमारत याच तत्त्वावर भरलेली होती. तळमजल्यावर मालकांच्या शेजारच्या कुटुंबाकडे पाण्याची मोटर चालू-बंद करण्याचं काम. पहिल्या मजल्यावर एक बँकेतले गृहस्थ, ते मालकांचे अर्ज लिहायचे. दुसऱ्या मजल्यावर मी, डिकीला. प्रत्येकाच्या अकरा महिन्यांच्या करारावर सह्या व्हायच्या आणि मग मालक खरा करार तोंडी सांगायचे: "काम नाय त्याला खोली नाय." माझ्या खोलीत पूर्वी राहणारा भाडेकरू टीव्हीची अँटेना फिरवायचा, असं मालकीणकाकींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"मग तो गेला कुठे?"

"डिश आली," काकी म्हणाल्या, "न् तो गेला."

आता, डिकी धरायला माणूस का लागावा? मागचं दार वर उचललं की ते वर राहावं म्हणून दोन बाजूंना दोन नळ्या असतात. आत दाबलेला गॅस असतो, बाहेर एक चकचकीत दांडी. गॅरेजवाले त्यांना डिकीचे शॉकर म्हणतात. मालकांच्या गाडीचे शॉकर म्हातारे झाले होते. दार उचललं की ते थोडा वेळ विचार करायचं आणि खाली यायचं.

दुसरा कुणी असता तर एक काठी टेकवून मोकळा झाला असता. मालकांना काठीचा राग होता. "खांब मांडवाला लावतात," ते म्हणायचे. "गारीला मानूस लागतो." ते स्वतः पाच फूट एक इंच. उघड्या दाराच्या कडेला त्यांचा हात पोचत नसे. पण ही गोष्ट त्यांनी आयुष्यात मान्य केली नाही. विषय निघालाच तर, "गारी उंच हाय," एवढंच.

आणि दार नुसतं सामान ठेवण्यापुरतं उघडून भागत नव्हतं. दर रविवारी सकाळी मालक गाडी जेट्टीवर उलटी लावायचे, डिकी उघडायचे, आत चटई टाकून मांडी घालून बसायचे आणि त्यांचं ऑफिस सुरू व्हायचं. कुणाची होडी कुणाच्या जागेत बांधली, कुणाच्या जाळ्यात कुणाचं वल्हं अडकलं, कुणाच्या हळदीला कुठली बँजो पार्टी सांगायची, हे सगळे निकाल तिथे लागायचे. मालकांना कुणी निवडून दिलं नव्हतं. जेट्टीवर तेवढीच एक सावली होती, म्हणून लोक यायचे आणि आलेच आहेत तर निकाल घेऊन जायचे. ऑफिस म्हटलं की घड्याळ पाहिजे, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी भिंतीवरचं एक गोल घड्याळ स्क्रूने बसवलं होतं. शेजारी कॅलेंडर. हे सगळं वजन धरून मी तास-दीड तास दोन्ही हात वर करून उभा. शाळेत मला इतका वेळ कुणी उभं केलं नव्हतं. कारखान्यातले लोक विचारायचे, कुठल्या जिमला जातोस?

सुट्टी हवी असेल तर आठ दिवस आधी सांगायचं आणि बदली माणूस द्यायचा. पहिल्या दिवाळीला मी कारखान्यातला एक उंच सहकारी पाठवला. त्याला मधेच फोन आला आणि त्याने एक हात खिशात घातला. दार मालकांच्या समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या तक्रारदाराच्या टोपीवर आलं. म्हाताऱ्याला वाटलं हाच निकाल. तो तक्रार मागे घेऊन निघून गेला. मालकांना ही पद्धत थोडी आवडली होती, असं काकी म्हणाल्या.

थंडीत शॉकर आणखी ढिले पडायचे. गॅस गार झाला की त्याचा जोर कमी होतो, साधी गोष्ट आहे. मालकांचं निदान, गाडीला थंडी वाजते. जानेवारीच्या सकाळी ते दोन्ही शॉकरना रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक द्यायचे. पिशवी एकच होती आणि ती काकींच्या गुडघ्यांची होती. त्यावरून रोज सकाळी घरात जे व्हायचं ते दुसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यायचं.

एकदा मालक म्हणाले, "ह्याच्यातला गॅस संपलाय. भरून आनू." मी म्हणालो, "मालक, हे भरत नाहीत." त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक शॉकर काढून, फडक्यात गुंडाळून, मला बरोबर घेऊन ते नेरूळच्या गॅस एजन्सीत गेले. हातात घरच्या गॅसचं पुस्तक. रांगेत सगळे सिलेंडरवाले. आमचा नंबर आल्यावर मालकांनी शॉकर काउंटरवर ठेवला.

"भरून द्या."

काउंटरवरच्या मुलीने शॉकरकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहत होतो.

"काका, हा सिलेंडर नाहीये."

"ल्हान हाय म्हनून सांगतंस काय?"

"तसं नाही काका, हे... घरगुती आहे का?"

"घरचीच गारी हाय."

मागे रांग वाढत होती. मुलगी हुशार होती. "केवायसी करून घ्या," ती म्हणाली, "आणि आठ दिवसांनी या." मालकांनी खरोखर अंगठा लावून केवायसी केलं आणि आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आतून मॅनेजर आला, त्याने शांतपणे दहा मिनिटं समजावलं. मालक सगळं ऐकून बाहेर आले आणि मला म्हणाले, "स्टॉक नाय त्यांचेकरं."

घरी काकींनी विचारलं, भरला का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग परत जा न् तुमचे डोक्यात भरून आना."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, ती मी मालकांना नीट सांगितली नव्हती. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात तपासनीस होतो, तिथे रबरी सील बनायची. कसली? तर अशाच शॉकरच्या तोंडाशी बसणारी, आतला गॅस आत धरून ठेवणारी. मालकांना वाटायचं मी रबराच्या चपला बनवतो. आख्ख्या सारसोळ्यात डिकीच्या शॉकरबद्दल सगळ्यात जास्त ज्याला कळत होतं, तो माणूस ते शॉकर चालत नाहीत म्हणून हात वर करून उभा होता.

गॅस एजन्सीतून येताना मी गाडीत बोलून गेलो, "नवे घेतले की काम होतं, मालक. एका बोटाने दार वर. मग कुणाला धरावं लागत नाही."

मालकांनी गाडी हळू केली. "कोनालाच नाय?"

त्यांच्या स्वरात काही वाईट नव्हतं. पण मला लगेच तो अँटेना फिरवणारा आठवला. जिन्यावरून माझी गादी खाली जाताना दिसली, त्यापाठोपाठ सीवूड्सच्या बाई दिसल्या, सानपाड्याचे सेक्रेटरी दिसले. मी घाईघाईने म्हणालो, "पण नव्यांचा काही भरवसा नसतो." आणि विषय बदलला. मी भित्रा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. वाईटही वाटलं. 

मालकांची मुलगी कामोठ्याला दिलेली. तिने वडिलांच्या वाढदिवसाला नव्या शॉकरची जोडी आणली. खोक्यात, लाल रिबीन बांधून. मी अभिनंदन केलं, केकही खाल्ला.

दुपारी मालकांनी स्वतः ते बसवायला घेतले. काम अवघड नसतंच. एकाने दार धरायचं, टोकाची छोटी क्लिप स्क्रू ड्रायव्हरने सैल करायची, जुना शॉकर टोकाच्या लोखंडी गोळीवरून ओढून काढायचा, नवा दाबून बसवायचा. एका वेळी एकच बाजू. फक्त एक गोष्ट महत्त्वाची. बारीक दांडी खाली आली पाहिजे आणि जाड नळी वर. आत गॅसबरोबर थोडं तेल असतं, ते खाली उतरून सीलवर राहतं आणि सील ओलं राहतं. उलटं बसवलं तर सील कोरडं पडतं आणि गॅस निघून जातो. खोक्यात तसं चित्र होतं. मालकांनी चित्राचा कागद चष्मा लावून पाहिला आणि टाकून दिला.

"उलटं छापलंय. झार बग कसं असतं. बुंधा खाली जार, वर बारीक. काय रं लांब्या?"

मी दार धरून उभा होतो. तोंड उघडायला मला एक सेकंद पुरला असता.

"तुम्ही म्हणाल तसं, मालक," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही शॉकर उलटे बसवले. मग आतून एक बाटली आणली. मुशीचं तेल. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल पूर्वी होडीच्या लाकडाला चोळायचे, म्हणजे खारं पाणी लाकडात शिरायचं नाही. शॉकरची दांडी कोरड्या फडक्याने पुसायची असते, तेल लावलं की त्याला धूळ चिकटते आणि ती सील कापते. हेही मला माहीत होतं. आमच्या कारखान्यात ते भिंतीवर लिहिलेलं आहे. "बापाची होरी ह्या तेलावं जलमभर टिकली," म्हणत मालकांनी दोन्ही दांड्या अशा प्रेमाने चोळल्या की मला बघवेना.

संध्याकाळपर्यंत गाडीमागे सात मांजरं जमली. दुसऱ्या दिवशी अकरा. त्यानंतर मालक जिथे जातील तिथे मांजरं. ऑफिसला लोकांपेक्षा बोके जास्त. एक काळा बोका तर रोज सकाळी डिकीपाशी येऊन ती उघडायची वाट पाहत बसायचा. मालकांचा समज झाला की गाडीत देवाचं काहीतरी आलं आहे.

आणि डिकी चालू लागली! खाली ओढायला मालकांनी कडेला दोरी बांधली होती. खटका दाबला की दार आपोआप वर, दोरी ओढली की खाली. जेट्टीवर लोक टाळ्या वाजवायचे. मी रविवारी सवयीने खाली जायचो आणि गाडीशेजारी हात लोंबकळत ठेवून उभा राहायचो. मालक माझ्याकडे पाहून विचारात पडायचे. मी शिल्लक उरलो होतो.

त्यांनी मला इतर कामांत आजमावायला सुरुवात केली. जाळं शिवायला दिलं. मी माझा शर्ट जाळ्याला शिवला. काकींबरोबर कोळंबी सोलायला बसवलं. काकींची टोपली झाली तेव्हा माझ्या नऊ कोळंब्या झाल्या होत्या. जेट्टीवर एक मासा दाखवून विचारलं, हे काय?

"मासा," मी म्हणालो.

मालकांनी मान हलवली. "मना वाईट वाटतंय, लांब्या," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. त्या आठवड्यात जिन्यात मला एक जोडपं भेटलं. मालक त्यांना वरची खोली दाखवायला आणत होते. नवरा इलेक्ट्रिशियन होता. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

पण मी नियमाप्रमाणे वाट पाहत होतो. सीलचा नियम मला पाठ होता. दोन महिने झाले आणि एका रविवारी, वल्ह्याची केस ऐन रंगात आलेली असताना, घड्याळ, कॅलेंडर आणि दार सावकाश मालकांच्या डोक्यावर उतरू लागलं. मालक बोलत होते, त्यांना दिसत नव्हतं. मी तीन उड्यांत पोचलो आणि दार वरच्या वर झेललं. इतका आनंद मला बारावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

"नव्यांचा भरवसा नाय," मालक म्हणाले. "तू बोलला व्हतास."

इलेक्ट्रिशियनला नाही म्हणून कळवलं गेलं. काकींनी त्या दिवशी मला चिंबोरीचं कालवण पाठवलं. मी ते चाटूनपुसून खाल्लं आणि खाताना स्वतःची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं.

पुढे वर्षभर असंच चाललं. मग मला चुलतभावाच्या लग्नाला गावी जावं लागलं. बदली माणूस मिळाला नाही. मालक म्हणाले, "जा, लगीन रोज नसतं." आणि त्या रविवारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डिकीला काठी लावली.

सोमवारी मी परत आलो तर मालक पायरीवर बसलेले. कपाळावर हळदीचा पिवळाजर्द लेप, त्याखाली लिंबाएवढं टेंगूळ. एक डोळा अर्धा मिटलेला.

"काठी घसरली," दारातून काकी म्हणाल्या. "डिकी परली डोक्याव. चक्कर येऊन खाली बसले. मना वाटलं गेला मानूस."

त्या एरवी कशानेच हलत नसत. हे सांगताना त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली होती. मालकांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"लांब्याला काय नको बोलू. त्याची काय चूक? सुट्टी मीच दिली."

हे त्यांनी बोलायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी वर जाऊन झोपलो असतो. पण ते त्या एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत होते आणि चूक स्वतःच्या अंगावर घेत होते. मी खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मी चपला बनवत नाही. झाडाचा बुंधा शॉकरला लागू नाही. दांडी खाली पाहिजे होती, तेल नको होतं, चित्र बरोबर छापलं होतं. हे मला दार धरून उभा होतो तेव्हाच माहीत होतं.

काळा बोका उठून मालकांच्या पायाशी जाऊन बसला.

"तवाच म्हाईत व्हतं?" मालकांनी विचारलं.

"हो."

"मंग बोलला कनाला नाय?"

"खोली जाईल म्हणून."

मालक उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या घराचं दार दिवसा लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या आठवड्यात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी बरोबर मापाचे, घड्याळ-कॅलेंडरचं वजन धरून जरा जास्त जोराचे शॉकर शोधून आणले. शनिवारी कारखान्यातून सुट्टी घेतली आणि दुपारी एकट्याने बसवायला घेतले. दार धरायला कुणी नव्हतं, म्हणून डोक्याने धरलं. एक बाजू, मग दुसरी. दांडी खाली, नळी वर. गोळ्या साफ केल्या, मुशीचं तेल रॉकेलने पुसून काढलं, कोरडं फडकं फिरवलं. मालक जिन्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. पाहत होते, पण खाली आले नाहीत. मांजरांनी माझ्याकडे अत्यंत वाईट नजरेने पाहिलं आणि एकेक करून गेली.

काम झाल्यावर मी खोलीत जाऊन सामानाची यादी केली. एक गादी, दोन पिशव्या, एक इस्त्री. हलवायला फार वेळ लागला नसता. कामोठ्याला एका एजंटला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, बॅचलर का?

रविवारी मी जेट्टीवर गेलो तेव्हा गाडी उलटी लावलेली होती. बरीच माणसं जमली होती. डिकी पडल्याची बातमी सगळीकडे गेली होती, त्यामुळे सगळे चार पावलं लांब उभे होते. मालक दारापाशी गेले. कपाळाचं टेंगूळ आता हिरवट झालं होतं. त्यांनी खटका दाबला आणि एक बोट दाराखाली घातलं. दार सावकाश, अगदी शहाण्यासारखं वर गेलं आणि थांबलं. मालक खाली उभे राहून पाहत होते. आम्ही सगळे पाहत होतो. घड्याळात पाच मिनिटं गेली. दार हललं नाही.

मालक आत चढून मांडी घालून बसले. लोक पुढे झाले, वल्ह्याची केस पुन्हा निघाली. मी कडेला उभा होतो. थोड्या वेळाने त्यांनी बोलणाऱ्याला हात करून थांबवलं.

"लांब्या, तू कनाला आलास?"

"विचारायला आलो, मालक. खोली कधी सोडू?"

"कनाला सोरतंस?"

"आता धरायला काही नाही. काम नाही त्याला खोली नाही."

हा नियम सगळ्यांना पाठ होता. मालकांनी वर दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तारीख सांगतील. त्यांनी शेजारची पाण्याची कळशी उचलून पलीकडे ठेवली, खांद्यावरच्या पंच्याने ती जागा पुसली आणि स्वतः बाजूला सरकले.

"तीन वर्सं उबा हायस," ते म्हणाले. "बस."

मी बसलो, आणि पहिली पाच मिनिटं हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना.